६ फेब्रुवारीचा दुसरा माणूस

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या ६ फेब्रुवारीच्या अंकात जमैकाचा रेगे गायक बॉब मार्ली याच्या जयंतीनिमित्त अर्धं पान मजकूर आला. फोटो झकास, लेखही वाचनीय. रेगे म्हटलं की आपल्याकडे जटा, गांजा आणि तिरंगी टोपी यापलीकडे कोणी जात नाही. तुमचे लेखक निदान चार पावलं पुढे गेले. माझं भांडण आहे ते खालच्या चौकटीशी. तिथे छापलंय की तयार गाणं उचकटून त्यातून दुसरं गाणं उभं करायची, म्हणजे रिमिक्सची, कल्पना न्यूयॉर्कच्या डिस्को क्लबांची. जमैकाने फक्त ठेका पुरवला. हे चूक आहे. आणि ज्याच्या जिवावर मी हे छातीठोक सांगतोय, तो माणूस मेला तीही ६ फेब्रुवारीच. साल १९८९. नाव ऑसबर्न रडॉक. जमैकाची राजधानी किंग्स्टन त्याला किंग टबी म्हणायची.

मी संगीतातला जाणकार नव्हे. घरात पेटी होती ती वडिलांची, भजनापुरती. मी एकतीस वर्षं बोटीवर इलेक्ट्रिशियन होतो. आमच्या हुद्द्याला बोटीवर ‘बत्तीसाब’ म्हणतात. सगळं नीट चालू असेल तोवर बत्तीसाब बोटीवर आहे की नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही. दिवा गेला की सगळ्यांना त्याची केबिन सापडते. टबीबद्दल मला जे वाटतं त्यात या हुद्द्याचा हात आहे, हे आधीच कबूल करतो.

१९९१ मधली गोष्ट. गहू घेऊन आमची बोट किंग्स्टनला लागली होती. बंदरात शिरतानाच, ब्रिजवरून पुढच्या डेकशी बोलायचा जो अँप्लिफायर असतो, त्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला. स्पेअर नाही. एजंटच्या ड्रायव्हरने मला स्पॅनिश टाउन रोडच्या बाजूला एका वायंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये नवी तार भरून द्यायच्या दुकानात नेलं. दुकान आपल्याकडे एसटी स्टँडच्या मागे असतं तसंच. पुढे पोट फाडलेले टीव्ही, मागे तांब्याच्या तारेची रिळं, आणि सगळ्यावर व्हार्निशचा नि जळक्या कागदाचा वास. मालक साठीचे, चष्म्याची काडी तारेने बांधलेली. इंग्रजी बोलत, पण निम्मं मला कळत नसे. तरी ट्रान्सफॉर्मर उघडल्यावर आमची भाषा एकच झाली.

टेप चालू होता. गाणारा एक ओळ म्हणाला आणि गायब. थोड्या वेळाने गिटारही गेली. उरले फक्त ड्रम आणि बास, म्हणजे खर्जाची गिटार. मग मध्येच त्याच गाणाऱ्याचा अर्धा शब्द आला, विहिरीत ओरडल्यासारखा, तोच तोच, विरत विरत गेला. आणि पाठोपाठ गडगडाट, जणू दुकानाच्या पत्र्यावर वीज पडली. मी सवयीने बोलून गेलो, ‘‘तुमचं एक चॅनल गेलंय. हेड साफ करा, नाहीतर कुठेतरी सोल्डर सुटलंय.’’

मालक हसले ते हातातलं रीळ खाली ठेवून हसले. म्हणाले, बिघाड नाही तो, टबी आहे.

एखाद्या मेकॅनिकने बिघाडासारखं वाटणारं काहीतरी मुद्दाम करावं आणि लोकांनी ते पैसे देऊन विकत घ्यावं, हे काही माझ्या पचनी पडेना. ट्रान्सफॉर्मर भरून होईपर्यंत तीन तास मी तिथे बसून मालकांचं ऐकलं. पुढे निवृत्तीनंतर जे वाचायला-ऐकायला मिळालं ते त्यात घातलं. त्यातलं सांगतो.

रडॉकचा जन्म २८ जानेवारी १९४१ चा, किंग्स्टनचाच. आईचं माहेरचं आडनाव टबमन, त्यावरून टबी. (इंग्रजीत टबी म्हणजे गोलमटोल. हा तर सडपातळ, नीटनेटका माणूस.) धंदा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा आणि अँप्लिफायर बांधण्याचा. वॉटरहाऊस ही त्याची वस्ती, किंग्स्टनच्या पश्चिमेची, गरिबांची. पुढे राजकीय पक्षांच्या टोळ्यांनी ती इतकी पेटवली की लोक तिला ‘फायरहाऊस’ म्हणू लागले.

त्या शहरात अँप्लिफायर बांधणाऱ्याला एवढं महत्त्व का, हे समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. १९५० च्या दशकात किंग्स्टनच्या गरिबाला हॉटेलातला बँड परवडत नव्हता. त्याच्यासाठी होती साउंड सिस्टिम. ट्रकमधून कपाटाएवढे स्पीकर आणायचे, मोकळ्या आवारात मांडायचे, रेकॉर्डी लावायच्या, तिकीट लावायचं आणि पेयं विकायची. एका रात्री दोन सिस्टिम आमनेसामने लागल्या तर ज्याचा आवाज भारी, त्याच्याकडे गर्दी. म्हणजे गाण्याइतकीच लढाई वॅटची. त्यात उष्ण दमट हवा, समुद्राचा खारा वारा. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको की असल्या हवेत तांबं कसं हिरवं पडतं. आणि हवेने सोडलं तर प्रतिस्पर्धी सोडत नसत. रात्री एकमेकांच्या वायरी तोडायचे. टबीला कामाची ददात नव्हती.

इथे एक खास बत्तीसाबी मुद्दा. संपादक महाशय, वाटल्यास कापा. जमैकाची वीज ११० व्होल्ट, पण ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनं. शेजारी अमेरिकेत व्होल्टेज साधारण तेवढंच, पण ६० हर्ट्झ. तिकडून आणलेला पिन जमैकात बरोबर बसतो, आणि माणूस फसतो. ६० साठी भरलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. ६० वर फिरणारी रेकॉर्ड प्लेअरची मोटर ५० वर हळू फिरते, सहाला पाच या प्रमाणात. बाई पुरुषासारखी गायला लागते. पुली बदला, ट्रान्सफॉर्मर नव्याने भरा, तेव्हा ते यंत्र त्या बेटाचं होतं. अशा देशात मेकॅनिक नुसती दुरुस्ती करत नाही, प्रत्येक वस्तू निम्मी पुन्हा बनवतो. टबी या शाळेतला. १९६१-६२ च्या सुमाराला त्याने स्वतःचा ट्रान्समीटर बांधून बिनपरवाना रेडिओ केंद्रही चालवून पाहिलं होतं. पोलीस शोधताहेत म्हटल्यावर मुकाट्याने बंद केलं.

पुढे त्याची स्वतःची साउंड सिस्टिम झाली, ‘टबीज होमटाउन हाय-फाय’. ती सगळ्यात मोठी नसेल, पण तिच्यासारखी स्वच्छ कोणाची नव्हती असं तिथले लोक सांगतात. बासला व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) अँप्लिफायर, वरच्या पट्टीला ट्रान्झिस्टरचे. एकाच अँप्लिफायरकडून सगळं करून घेतलं की बासचा धक्का बसल्यावर वरचा आवाज फाटतो, म्हणून प्रत्येकाला वेगळी वाट. आज हे कोणीही करतो. त्याने ते किंग्स्टनच्या आवारात तेव्हा केलं. वर रिव्हर्ब (घुमारा) आणि एको (प्रतिध्वनी) चढवले. माइकवर यू-रॉय. रेकॉर्डवर बोलण्याची त्याची ती लकब पुढे जगभर गेली.

आता चौकटीकडे येतो. १९६८ च्या सुमाराला टबी ड्यूक रीड या निर्मात्याच्या ‘ट्रेझर आइल’ स्टुडिओसाठी तबकड्या कापायचं, म्हणजे टेपवरचं गाणं तबकडीवर कोरायचं काम करत होता. याच काळात स्पॅनिश टाउनचा रडी रेडवूड नावाचा साउंड सिस्टिमवाला पॅरागॉन्स या त्रिकुटाच्या गाण्याची एक तबकडी तिथून घेऊन गेला. इंजिनिअरकडून तिच्यात गायकांचा आवाज घालायचा राहिला होता, नुसतं वाजप होतं. रेडवूडने रात्री आधी गाण्याची रेकॉर्ड लावली, मग ही. अख्खं आवार स्वतःच गायला लागलं. ती बातमी टबीपर्यंत पोचली. आवाज राहून जाणं ही चूक होती; आवाज कधी काढायचा, किती काढायचा आणि परत कधी सोडायचा, हा हिशेब टबीने मांडला.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने १८, ड्रोमिली अ‍ॅव्हेन्यू या आईच्या घरात पुढच्या खोलीत स्टुडिओ थाटला. डायनॅमिक साउंड्स या मोठ्या स्टुडिओने काढून टाकलेला एमसीआय कंपनीचा मिक्सिंग डेस्क (वेगवेगळे आवाज कमीजास्त करून एकत्र करायचं यंत्र) बनी ली या निर्मात्याच्या मध्यस्थीने त्याच्याकडे आला. बँड बसवायला जागाच नव्हती. गायक उभा राहायचा तो न्हाणीघरात. बँडचं ध्वनिमुद्रण दुसरीकडे व्हायचं आणि चार ट्रॅकची टेप टबीकडे यायची. साधारणपणे एकावर ड्रम, एकावर बास, एकावर गिटार-ऑर्गन वगैरे आणि एकावर गळा. बस्स, चार. आज माझ्या पुतण्याच्या फोनमध्ये याच्या कितीतरी पट ट्रॅक आहेत.

या चार ट्रॅकवर त्याने काय केलं, ते नारळ सोलायच्या उपमेने सांगता येईल. वरचा काथ्या काढायचा म्हणजे गळा. मग गिटार, ऑर्गन. खाली उरते करवंटी: ड्रम आणि बास. पण टबी तिथे थांबत नाही. काढलेल्या काथ्यातला एखादाच धागा तो परत टाकतो. गायकाचा अर्धा शब्द क्षणभर सोडला, तो टेपच्या एकोत गेला आणि फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खाली. मूळ आवाज संपला, पण एको चालूच. टेपच्या एकोत एक हेड लिहितं आणि थोडं पुढचं हेड वाचतं. वाचलेलं परत लिहिणाऱ्याकडे पाठवलं की शब्द स्वतःचीच शेपटी धरून फिरत राहतो. किती फिरवायचा, ते बोटाच्या टोकावर.

डेस्कवर एक फिल्टर होता, त्याच्या मोठ्या नॉबची तिथे अजून आठवण काढतात. तो पायऱ्यापायऱ्यांनी फिरायचा, ७० हर्ट्झपासून साडेसात हजारापर्यंत, आणि त्या पायरीखालचे सगळे आवाज कापायचा. इतर इंजिनिअर असला फिल्टर खालची घरघर काढायला एकदा लावतात आणि विसरतात. हा गाणं चालू असताना तो वाद्यासारखा फिरवायचा. झांजेचा आवाज जाड होता तो पातळ होत होत नुसती सळसळ उरायची, आणि परत भरून यायचा. आणि तो गडगडाट? रिव्हर्बच्या डब्यात स्प्रिंगा असतात. डब्याला हाताने ठोसा मारला की स्प्रिंगा एकमेकींवर आदळतात. आमच्याकडे कोणी इन्स्ट्रुमेंटवर असा हात टाकला असता तर चीफ इंजिनिअरने त्याला पुढच्या बंदरात उतरवलं असतं.

हे सगळं एका दमात, टेप फिरत असताना. पसंत नाही पडलं तर पहिल्यापासून. त्यामुळे एकाच गाण्याची त्याने दहादा मोडणी केली तर दहा वेगवेगळे ऐवज. याला म्हणतात डब. न्यूयॉर्कच्या लोकांनी त्याच दशकात डिस्कोची गाणी लांबवायचं काम आपल्या परीने केलं, तेही मोठंच. पण ‘जमैकाने फक्त ठेका पुरवला’ हे वाक्य त्यामुळे खरं होत नाही. न्यूयॉर्कचं म्हणाल तर हिपहॉपचा आरंभ ज्या पार्टीपासून धरतात, ११ ऑगस्ट १९७३ ची ब्रॉन्क्समधली, तिथे रेकॉर्डी लावणारा कूल हर्क हा किंग्स्टनमध्ये जन्मलेला, तिथल्या साउंड सिस्टिम बघत वाढलेला पोरगा होता.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. १९७६ मध्ये ऑगस्टस पाब्लो या वादकाची एक रेकॉर्ड आली. पाब्लो मेलोडिका वाजवायचा, म्हणजे तोंडाने फुंकून वाजवायची छोटी पेटी. आपल्याकडे शाळेच्या बँडमध्ये दिसते. वादक तो, निर्माता तो. आणि रेकॉर्डचं नाव ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’. शीर्षकात पहिलं नाव मिक्सिंग करणाऱ्याचं! मी आयुष्यात शेकडो कॅसेटींची पाठ वाचली. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव असलंच तर खाली, मुंगीच्या अक्षरात, छपाईवाल्याच्या वर. इथे मेकॅनिकचं नाव पाटीवर. वॉटरहाऊसमधला ग्राहक दुकानात जाऊन कोणाचं गाणं आहे ते नंतर विचारायचा, आधी विचारायचा, टबीने केलंय का.

त्याच्याबरोबर काम केलेले लोक सांगतात की तो मितभाषी, शिस्तीचा होता आणि स्वतः जॅझ ऐकायचा. डब म्हटलं की धुराने भरलेली खोली डोळ्यांसमोर आणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं. (जाता जाता: ‘गांजा’ हा शब्द जमैकाला आपल्या देशातून गेला, १८४५ पासून ऊसमळ्यांवर नेलेल्या गिरमिटिया मजुरांबरोबर. ‘ब्लंडेल हंटर’ हे त्यांचं पहिलं जहाज ओल्ड हार्बर बेला लागलं. बंदरावर माझ्याकडे बघून एका बाईंनी आपले पणजोबा ‘इंडिया’तले असं सांगितलं होतं; गाव त्यांना ठाऊक नव्हतं.)

टबीच्या हाताखाली पोरं तयार झाली. हॉप्टन ब्राउन नावाचा मुलगा इलेक्ट्रॉनिक्सच्या ओढीने आला, टीव्ही दुरुस्तीला बसला आणि डेस्कवर पोचला; त्याला जग ‘सायंटिस्ट’ म्हणून ओळखतं. दुसरा लॉइड जेम्स, प्रिन्स जॅमी. या जॅमीने १९८५ मध्ये गुरूच्या पायाखालचीच सतरंजी ओढली. वेन स्मिथ या गायकाबरोबर त्याने एक गाणं केलं ते कॅसिओच्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डमधल्या तयार ठेक्यावर. तो ठेका बसवला होता जपानमध्ये हिरोको ओकुडा या कॅसिओतल्या तरुण बाईंनी, कंपनीत नव्याने लागल्या असताना. ना ड्रमवाला, ना बासवाला. त्या एका गाण्याने जमैकाच्या संगीताची दिशा बदलली, आणि प्रिन्सचा किंग जॅमी झाला. टबी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा. आमच्या धंद्यात व्हॉल्व्हवाले ट्रान्झिस्टर आल्यावर घरी बसले, ट्रान्झिस्टरवाले आयसी (चिप) आल्यावर. हा बसला नाही. नवा, मोठा स्टुडिओ बांधला, नव्या यंत्रांवर त्याच वर्षी जॅमीला तोडीस तोड गाणं काढलं, ‘फायरहाऊस’ हे वस्तीचं टोपणनाव आपल्या लेबलला दिलं.

६ फेब्रुवारी १९८९ च्या रात्री वॉटरहाऊसमधल्या स्टुडिओतून तो ड्युहॅनी पार्कमधल्या घरी परतला. घराबाहेरच कोणीतरी गोळ्या घातल्या. लुटारू असावेत असं म्हणतात. कोणाला शिक्षा झाली नाही. अठ्ठेचाळीस वर्षांचा होता.

दुकानाचे मालक हे सांगताना थांबले नव्हते, तार गुंडाळत होते. फेरे मोजत असल्यामुळे मला मध्ये बोलता येईना. मोजून झाल्यावर त्यांनी कागद लावला, व्हार्निशात बुडवला आणि मग एकच वाक्य बोलले: स्वतः टबीने भरलेला एक ट्रान्सफॉर्मर अजून त्यांच्या ओळखीच्या एका सिस्टिममध्ये चालू आहे, तापत नाही.

त्यांनी भरून दिलेला आमचाही पुढे तापला नाही. मी ती बोट सोडली तेव्हा चालू होता.

२०१८ मध्ये युनेस्कोने जमैकाच्या रेगेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्याची बातमी तुम्ही दिली होती. फोटो अर्थात मार्लीचा. मार्लीवर माझा राग नाही. पण एका माणसाच्या चेहऱ्यामागे अख्खा देश झाकायचा हे बरं नव्हे. माझा पुतण्या गोव्यात रेगेचा ‘सनस्प्लॅश’ महोत्सव भरतो तिथे जाऊन आला. येऊन मला समजावू लागला की काका, बास छातीत कसा लागतो ते तुम्हाला कळणार नाही. मी त्याला विचारलं, बासचा अँप्लिफायर वेगळा होता का? त्याला माहीत नव्हतं. गणपतीत रात्रभर डीजेच्या भिंती लावणाऱ्या आमच्या तालुक्यातल्या पोरांनाही माहीत नसतं. ते सगळं एकाच वाटेने ढकलतात, म्हणून वरचा आवाज फाटतो आणि खालचा नुसता खिडक्या हलवतो. पोलिसांनी डेसिबल मोजण्याआधी कोणीतरी त्यांना क्रॉसओव्हर, म्हणजे खालच्या-वरच्या आवाजाच्या वाटा वेगळ्या करणारी जोडणी, शिकवावी. असो, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे आणि ते पत्र मी याआधी दोनदा पाठवलंय.

मागणं दोनच. चौकटीतल्या त्या वाक्याची दुरुस्ती छापावी. आणि पुढच्या ६ फेब्रुवारीला मार्लीच्या फोटोशेजारी, जमलं तर, ड्रोमिली अ‍ॅव्हेन्यूतल्या त्या डेस्कचा फोटो लावावा. डेस्क पुढे अमेरिकेत सिएटलच्या संग्रहालयात गेला, त्यामुळे फोटो मिळायला अडचण पडू नये.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त बत्तीसाब
हर्णे, ता. दापोली, जि. रत्नागिरी

ता. क. – त्याच लेखात मार्लीचं जन्मगाव किंग्स्टन छापलंय. ते नाइन माइल, सेंट अ‍ॅन परगण्यातलं. किंग्स्टनला तो नंतर आला.